शेंगोळे, उंदीर आणि बळीचा बकरा

मागच्या हिवाळ्यातला एक वीकांत. राहुरीला घरी गेलो होतो. शनिवारी दुपारी आत्याने हुलग्याचे शेंगोळे केले आणि आईने वाटीभर खाल्ले. तुम्ही म्हणाल, यात लिहिण्यासारखं काय आहे? आहे. पण त्यासाठी आधी उंदरांकडे जावं लागेल.

आमचं शेत मुळा धरणाच्या कालव्याखाली. पाणी आहे म्हणजे ऊस आला, आणि ऊस आला की उंदीर-घुशी आल्याच. मी सहावीत असेन तेव्हाची गोष्ट. शेजारच्या काकांनी झिंक फॉस्फाईड आणलं, धान्याच्या भरड्यात कालवलं आणि पहिल्याच दिवशी बिळाबिळांत टाकलं. दोन-चार उंदीर मेले. बाकीच्यांनी त्या भरड्याला पुन्हा तोंड लावलं नाही. काका म्हणाले, "औषधात भेसळ आहे." आण्णा हसले. "औषध चांगलं आहे, घाई वाईट आहे. आधी दोन दिवस नुसता तेल लावलेला भरडा टाकायचा. खाऊ द्यायचं पोटभर. विष तिसऱ्या दिवशी."

यामागचं शास्त्र मला फार उशिरा कळलं. उंदीर मुळात संशयी. नवीन खाणं दिसलं की आधी चिमूटभर चाखतो. झिंक फॉस्फाईडचा पोटातल्या आम्लाशी संबंध आला की विषारी वायू तयार होतो, पण चिमूटभराने तो मरेलच असं नाही, नुसता आजारी पडतो. (बिचाऱ्याला उलटीही करता येत नाही!) वाचला, तर त्या चवीला पुढे बराच काळ रामराम. म्हणून तर ब्रोमाडिओलोनसारखी औषधं आली. ती रक्त गोठू देत नाहीत, पण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. तोवर उंदराला कोणत्या घासावर संशय घ्यायचा तेच कळत नाही.

अमेरिकेत जॉन गार्सिया नावाच्या माणसाने १९५५ साली हे प्रयोगशाळेत पकडलं. उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी दिलं आणि त्याच वेळी गॅमा किरणांचा मारा केला. किरणांनी उंदीर आजारी पडले, आणि पुढे त्यांनी गोड पाणी टाळलं. पुढच्या प्रयोगांत दिसलं की चव आणि आजारपण यांत बराच वेळ गेला तरी हे नातं जुळतं, आणि तेही एका झटक्यात. तोवरचं मानसशास्त्र सांगत होतं की शिकायला सेकंदांचं अंतर हवं आणि पुन्हापुन्हा सराव हवा. साहजिकच गार्सियाचे लेख मोठ्या नियतकालिकांतून नाकारले गेले.

आपल्या आयटीवाल्यांना खरं तर हे पटकन पटायला हवं. रात्री तीनला सर्व्हर झोपला की पहिला प्रश्न काय? "काल काय नवीन टाकलं?" पोटही तेच विचारतं. रोजच्या भाकरीवर ते सहसा संशय घेत नाही. ती वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला जुना कोड. जे नवीन, क्वचितचं, उग्र वासाचं, ते पहिलं आरोपी. आण्णांचे बिनविषाचे दोन दिवस म्हणजे भरड्याला 'जुना कोड' करून टाकणं.

असो. आता आईकडे येतो.

२०२१ साली तिची केमोथेरपी सुरू झाली. नगरच्या एका दवाखान्यात. दुसऱ्या सायकलच्या दिवशी आत्याने पहाटे उठून शेंगोळे केले. आईचा जीव की प्राण. मी डबा घेऊन गेलो, गरम गरम भरवले. "खाऊन घे, अंगात ताकद येईल." तासाभराने सलाईनमधून औषध सुरू झालं आणि रात्रभर उलट्या.

त्यानंतर घरात हुलग्याचं पीठ भाजलं तरी आई पदर नाकाला लावून अंगणात जायची. "नको रे बाबा, वासच नको." तिला पक्कं माहीत होतं की उलट्या औषधाने झाल्या. पोटाला ते सांगून उपयोग नव्हता. आणि डबा नेणारा मी होतो.

तेव्हा जालावर शोधताना सिॲटलच्या आयलीन बर्नस्टाइन यांचं काम सापडलं. १९७८ साली त्यांनी दाखवलं की केमोच्या आधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम खाल्लेली मुलं पुढे ते आइस्क्रीम नाकारतात. आणि १९८७ साली त्यांनी त्यावरचा तोडगाही तपासला होता. जेवण आणि केमो यांच्या मधे मुलांना उग्र, अनोळखी चवीची एक गोळी द्यायची. पोट सगळा राग गोळीवर काढतं, जेवण बरंच वाचतं. संशोधकांनी या गोळीला चक्क बळीचा बकरा म्हटलंय. आमच्या संगमनेरी शेळ्यांच्या मुलखात हे फार शोभलं!

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हरकत नाही. आईने जन्मात कॉफी प्यायली नव्हती, म्हणून कॉफीच्या गोळ्या आणल्या. सकाळी भाकरी-आमटी, मग गोळी, मग केमो. उरलेल्या चारही सायकली भाकरी-आमटी शाबूत राहिली. एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मलाही कळतं. भाकरी तशीही वाचली असती कदाचित. पण बकरा कामी आला असं आमच्या घरात सगळे मानतात.

राहिला प्रश्न शेंगोळ्यांचा. उपचार संपल्यावर आत्याने ते काम अंगावर घेतलं. आग्रह नाही, की "एवढंसं खा" नाही. आधी नुसता वास, तोही मागच्या पडवीतून. मग चमचाभर रस्सा. मग एकच शेंगोळं. वर्षभराने आईने अर्धी वाटी खाल्ली. मला वाटलं, चला, बग फिक्स झाला.

मग एकदा तपासणीला नगरला गेलो. त्याच दवाखान्याजवळ एका नातेवाइकांकडे जेवायला थांबलो तर ताटात शेंगोळे. आई एक घासही न घेता उठली. तेव्हा कळलं की पोटातलं जुनं काही पुसलं गेलेलं नाही. मार्क बाउटन यांच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांचंही हेच झालं होतं. एका जागी चव नकोशी झाली, दुसऱ्या जागी ती पुन्हा आवडू लागली, आणि पहिल्या जागी परत नेल्यावर नावड पुन्हा वर आली. शरीर जुनी नोंद डिलीट करत नाही. तिच्यावर नवी नोंद चढवतं, आणि ती नवी नोंद जागेला बांधलेली असते.

म्हणून आता शेंगोळे फक्त राहुरीच्या घरात. तपासणीच्या दिवशी डब्यात साधी भाकरी आणि मुगाचं वरण. तुमच्या घरी कोणाची केमो सुरू असेल तर एवढं करा. त्यांच्या आवडीचं, सणासुदीला होणारं खाणं त्या दिवशी नेऊ नका, दोन-चार दिवस थांबून करा. आण्णांच्या भाषेत, घाई वाईट.

त्या रविवारी निघताना आई गाडीपर्यंत आली. डॅशबोर्डवर पोरांनी टाकलेली कॉफीची गोळी तिला दिसली. तोंड वाकडं करून म्हणाली, "टाक ती आधी."

मी टाकली. बकऱ्याला कोणी माफ केलेलं नाही अजून :)