घोडा, हत्ती आणि प्रश्नपत्रिका

पहिल्याच बैठकीत मानसशास्त्राच्या बाईंनी बर्लिनच्या घोड्याचा विषय काढला. प्राणिशास्त्राचे सर लगेच म्हणाले, ‘‘या घोड्याच्या धसक्यानं आमची माणसं कित्येक वर्षं प्राण्यांबद्दल तोंड उघडायला धजावली नाहीत.’’ संगणकवाले म्हणाले, ‘‘आमच्याकडे तो घोडा अजून जिवंत आहे.’’ मी वही उघडून बसले होते. तिघांचं बोलणं मराठीत चाललं होतं, पण मला त्यातलं काही उमगत नव्हतं.

माणूस, प्राणी आणि यंत्र या तिघांच्या बुद्धीचा एकत्र विचार करणाऱ्यांचं हे लहानसं वाचनमंडळ. मी निवृत्त गणित-शिक्षिका. माझ्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातला एक मुलगा होता. वर्षातले कितीतरी महिने तो फडावर असायचा. एका तपासणीनंतर त्याच्या नावापुढे बुद्ध्यांकाचा आकडा लिहिला गेला आणि त्यानंतर सगळे त्याच्याकडे त्या आकड्यातूनच पाहू लागले. तो आकडा येतो कुठून, हे जाणून घ्यायला मी तिथे गेले होते.

तर घोडा. त्याचं नाव हान्स. मालक विल्हेल्म फॉन ऑस्टेन हेही निवृत्त गणित-शिक्षक, म्हणून मी जरा सावरून बसले. हान्स बेरजा करायचा, अपूर्णांक सोडवायचा, तारीख सांगायचा, आणि उत्तर टापा आपटून द्यायचा. १९०४ साली जाणकारांची समिती नेमली गेली. तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकानं अगदी साधी गोष्ट केली. ज्याला स्वतःला उत्तर माहीत नाही अशा माणसाला त्यानं प्रश्न विचारायला लावलं. हान्स चुकला. विचारणारा दिसू नये म्हणून डोळ्यांना झापडं लावली, तरी चुकला. प्रश्न विचारून झाला की माणूस टापेकडे पाहायला नकळत किंचित वाकतो आणि बरोबर आकडा आला की त्याची मान तितकीच नकळत वर होते. हान्स ती मान वाचत होता. फॉन ऑस्टेन यांनी फसवलं नव्हतं. आपण उत्तर सांगतो आहोत याचा त्यांना पत्ताच नव्हता.

हे ऐकून मी बराच वेळ गप्प होते. फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलानं खडू थांबवून माझ्या चेहऱ्याकडे पाहणं मी किती वेळा पाहिलं आहे! मात्र सगळे ‘घोड्याला गणित येत नव्हतं’ एवढ्यावर थांबतात, ते मला मान्य नाही. माणसांना स्वतःलाही न जाणवणारी हालचाल त्यानं हेरली. ती परीक्षा कुणी घेतलीच नव्हती आणि तो तिच्यात उत्तीर्ण झाला होता.

संगणकवाल्यांचा घोडा २०१९ सालचा, आणि नवल म्हणजे तोही बर्लिनचाच. सेबास्टियान लापुश्किन, क्लाउस-रोबर्ट म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोटोतले प्राणी आणि वस्तू ओळखणारी एक प्रणाली तपासली. ती घोडे अचूक ओळखायची. ती फोटोत नेमकं कुठे पाहते हे शोधल्यावर दिसलं, की घोड्यांच्या बऱ्याच फोटोंच्या कोपऱ्यात छायाचित्राचा स्रोत सांगणारी एक बारीक ओळ छापलेली होती आणि यंत्र ती ओळ पाहत होतं. तीच ओळ मोटारीच्या फोटोवर चिकटवली, तर यंत्र म्हणालं, घोडा!

इथवर मला वाटलं, धडा सोपा आहे: सहजासहजी विश्वास ठेवू नये. लॉइड मॉर्गन यांनी १८९४ सालीच तो नियम घालून दिला होता, की साध्या कारणानं भागत असेल तर प्राण्याच्या पदरात वरच्या दर्जाची बुद्धी टाकू नका. पण पुढच्या बैठकीत सरांनी कंडुला आणला आणि माझी जुळलेली घडी पुन्हा विस्कटली.

कंडुला हा प्रयोगाच्या वेळी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात असलेला सात वर्षांचा आशियाई हत्ती. सोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर खाऊ टांगला आणि त्याला काठ्या दिल्या. काठीनं खाऊ काढायची युक्ती त्यानं केली नाही. हत्तीला अचानक तोडगा सुचत नाही, असंच यावरून कुणीही लिहून टाकलं असतं. पण हत्तीची सोंड म्हणजे त्याचं नाकही. सोंडेत काठी धरली की वास घेणंच अडतं. म्हणजे काठी देऊन आपण त्याला अन्न शोधायच्या साधनालाच मुकवतो. मग प्लॅस्टिकचा एक मोठा ठोकळा ठेवला. कंडुलानं तो ढकलत नेला, त्यावर पुढचे पाय दिले आणि खाऊ काढला. हा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. हत्ती तोच होता, फक्त प्रश्न त्याच्या देहाला साजेसा झाला होता.

हान्स सांगतो, नसलेली बुद्धी दिसू शकते. कंडुला सांगतो, असलेली दिसत नाही. एकाच माणसानं या दोन्ही भीती एकाच वेळी बाळगायच्या कशा, हे मला अजून कळत नाही. म्हणूनच ही तीन शास्त्रं एका टेबलाशी बसली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. बाईंना पहिली भीती पाठ आहे, सरांना दुसरी, आणि यंत्राबद्दल बोलताना दोन्ही लागतात.

माणसाच्या मुलांनाही त्या लागतात. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये बुद्धीची कसोटी बनवली, ती शाळेत कुणाला जादा मदत हवी हे ओळखण्यासाठी. तिच्यातून मूल कायमचं मोजलं जातं, असं बिने मानत नव्हते. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी तिला नवं रूप दिलं; बिने-कामत कसोटी ती हीच. परक्या देशातले प्रश्न आपल्या मुलांना तसेच्या तसे घालून चालणार नाही, हे त्यांनी ओळखलं, याचा मला फार आदर वाटतो. पण फडावरचं मूल आणि शहरातलं मूल यांच्यामध्येही तेवढंच अंतर असतं, आणि माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या कागदावर फक्त आकडा होता. त्याला काय विचारलं, कोणत्या बोलीत विचारलं, आदल्या रात्री तो कुठे झोपला होता, यातलं काहीच नव्हतं.

सध्या आम्ही क्योतो विद्यापीठातल्या आयुमू या चिंपांझीवर वाचतो आहोत. पडद्यावर पाच आकडे जेमतेम २१० मिलिसेकंद दिसतात, मग झाकले जातात. तरी तो ते चढत्या क्रमानं दाबतो, पाचांपैकी साधारण चार वेळा बरोबर. विद्यापीठातले विद्यार्थी त्याच्या निम्म्यावर राहिले. २००७ साली हे छापून आलं. दोन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं, की भरपूर सराव केला तर माणूसही तिथवर पोचतो. बाई म्हणतात, फिटंफाट झाली. सर विचारतात, कशी? माणसानं आकडे लहानपणीच घरात, दुकानात, शाळेत गिरवलेले असतात. आयुमूची त्यांच्याशी ओळख झाली ती प्रयोगशाळेतल्या पडद्यापुढे, आईला तिथे काम करताना पाहत. मग सरावाचे तास मोजायला सुरुवात करायची ती कुठून? दोघांचंही मला पटतं, आणि या आठवड्याचं टिपण लिहायची पाळी माझी आहे.