तू बाहेर काय खाल्लंस?

मुलाला विचारूनच हे लिहितोय. तो आता अकरावीत आहे. म्हणाला, "लिहा अब्बा, फक्त माझं नाव नको."

नववीत असताना एका सकाळी चहा पिता पिता त्याचा उजवा हात झटके देऊ लागला आणि तो खुर्चीवरून कोसळला. अम्मी "चप्पल आणा, हुंगवा" म्हणून ओरडत होती. (त्याचा काही उपयोग नसतो. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. हे मला नंतर कळलं. बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.)

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागात वाटाण्याएवढी गाठ निघाली. डॉक्टर गाठ म्हणाले, मला कॅन्सर ऐकू आला. पहिल्या दवाखान्यात ती क्षयाची समजून गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांनी आम्ही मोठ्या शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी गाठीच्या आतला बारीकसा ठिपका दाखवला. "हे अळीचं डोकं. ट्यूमर नाही, टीबीही नाही. डुकराच्या पट्टकृमीची अळी आहे ही."

पुढचं मी काही ऐकलंच नाही. बायकोने ओढणी तोंडाला लावली. बाहेर पंधरा-वीस पेशंट खोळंबलेले, त्यामुळे डॉक्टरांनीही फार समजावलं नाही.

रात्री मी त्याला विचारलं, "बाहेर काय खाल्लंस? खरं सांग." तो म्हणाला, काही नाही. मी पुन्हा विचारलं. त्याच्या ज्या मित्रांच्या घरी तो अभ्यासाला जायचा, त्यांची नावं घेऊन विचारलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. शेजाऱ्यांना आम्ही टायफॉइड सांगितला.

पुढच्या भेटीत हिनेच धीर करून डॉक्टरांना विचारलं, "आमच्यात तर हे खातच नाहीत, मग?" डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर चित्र काढलं. अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लं तर पोटात कृमी वाढतो, मेंदूत अळी जात नाही. मेंदूत अळी जाते ती कृमीची अंडी गिळल्यामुळे. ती अंडी ज्याच्या पोटात कृमी आहे अशा माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरची घाण, तिथलं पाणी, त्या पाण्यावरची कोथिंबीर-मुळा, किंवा संडासहून आल्यावर हात न धुता बनवलेलं जेवण. शुद्ध शाकाहारी माणसालाही हे होतं.

मग मी वाचत बसलो. 1990-91 मध्ये न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यू वस्तीत चार जणांच्या मेंदूत हीच अळी सापडली होती. डुक्कर त्यांनाही आपल्यासारखंच निषिद्ध. संशय गेला तो लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरकामगारांकडे, आणि तपासणीत एकीच्या पोटात कृमी निघालाही. त्या वस्तीतल्या एखाद्या बापानेही माझ्यासारखाच प्रश्न विचारला असेल का, हे कुठे लिहिलेलं नाही.

क्षयाचा गोंधळही नवा नाही. आपल्या देशात अशा छोट्या गाठींना वर्षानुवर्षं टीबीची औषधं दिली गेली. त्यातल्या बऱ्याच आपोआप विरायच्या आणि औषध लागू पडलं असं वाटायचं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. चंडी, डॉ. राजशेखर यांनी अशा गाठी काढून तपासल्या, तेव्हा आत अळी निघाली. 1989 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. गाठ वीस मिलिमीटरपेक्षा लहान, गोल, आणि पेशंटमध्ये मेंदूवर दाब वाढल्याची लक्षणं नाहीत, तर आधी अळीचा विचार करायचा, हा ठोकताळा त्यांचाच. आमची गाठ अकरा मिलिमीटरची होती.

टीबीच्या गोळ्या बंद झाल्या. आधी डोळे तपासले, कारण डोळ्यात अळी असेल तर ती मरताना नजर जाऊ शकते. मग सूज येऊ नये म्हणून स्टेरॉइड, आणि सोबत वजनाच्या हिशेबाने अल्बेंडाझोल. नाव वाचून मी चमकलो. जंतनाशक दिनाला वर्गात मी हीच गोळी वाटतो, चघळून खा म्हणून दटावतो. फिटची गोळी मात्र लांबली. गाठीच्या जागी चुन्याचा पांढरा ठिपका राहिलाय, आणि त्यामुळे फिट पुन्हा येऊ शकते. सायकल अजून बंद आहे.

माफी मागायला मला चार दिवस लागले. विद्यार्थ्यांना चूक कबूल करायला शिकवणारा मी, बाजारातून येताना रस्त्यातच पुटपुटलो, "बेटा, त्या रात्री माझं चुकलं."

तो म्हणाला, "एकदा विचारलंत ते ठीक होतं, अब्बा. दुसऱ्यांदा का विचारलंत?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. वर कोथिंबिरीची जुडी होती.