रानड्यांची ग्रीक बैठक

गुरुदेव रा. द. रानडे म्हटले की निंबाळ, नामसाधना आणि संतवाङ्मय डोळ्यांपुढे येते. तरुणपणी ते ग्रीक तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते, ही गोष्ट मात्र ओझरती सांगितली जाते. जणू परमार्थाकडे वळताना मागे टाकलेला तो एक टप्पा. इथे कार्ल्याजवळच्या औंढे गावात राहून रानडे आणि ग्रीक विचारवंत शेजारी ठेवून वाचताना मला हे पटेनासे झाले. त्यांचे उपनिषदांवरचे काम ग्रीक अभ्यासाच्या पायावरच उभे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

जमखंडीला 1886 साली जन्मलेले रानडे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले त्या दशकात त्यांनी हेराक्लायटसवर आणि ॲरिस्टॉटलने एलिआच्या विचारवंतांवर केलेल्या टीकेवर लिहिले. हे विषय अभ्यासकाची कसोटी पाहणारे आहेत. हेराक्लायटसचा ग्रंथ हरवला. उरली ती इतरांनी उद्धृत केलेली वचने. एलिआच्या पार्मेनिडीजच्या काव्याचा मोठा भाग आज हाती आहे तो सहाव्या शतकातल्या सिंप्लिशिअस या भाष्यकारामुळे. ग्रंथ दुर्मिळ झाला म्हणून त्याने लांबलचक उतारे उतरवून ठेवले. ॲरिस्टॉटल तर इथे साक्षीदारही आहे आणि प्रतिपक्षही. आपल्याकडे चार्वाकाचे मत जसे विरोधकांच्या पूर्वपक्षातून वेचावे लागते, तसेच हे काम. आता रानड्यांच्या 1926 सालच्या उपनिषदांवरील इंग्रजी ग्रंथाची अनुक्रमणिका पाहावी. एकेका उपनिषदाचा सारांश तिथे नाही, प्रश्नांची मांडणी आहे: विश्वाची उत्पत्ती, मन, अंतिम सत्य, नीती आणि शेवटी आत्मसाक्षात्कार. विश्वोत्पत्तीच्या प्रकरणात आप, वायू, अग्नी अशी मूलतत्त्वे ओळीने येतात. ॲरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’च्या पहिल्या भागात थेलीसचे पाणी, ॲनॅक्झिमिनीसची हवा, हेराक्लायटसचा अग्नी असा पूर्वसूरींचा हिशेब मांडला आहे, ती पद्धत अंगी मुरल्याशिवाय अशी मांडणी सुचत नाही.

यावर आक्षेप येतो की हा परका साचा आहे. तो बिनबुडाचा नाही. बृहदारण्यकात आरंभी आपच होते असे सांगितले आहे, पण ते ‘सत्य’ या शब्दाच्या उपासनेच्या ओघात. ते वाक्य सुटे काढून थेलीसच्या पंगतीला बसवले की उपासना बाजूला पडते. हे नुकसान मी मान्य करतो. मात्र साचा कुठे अपुरा पडतो, हे रानड्यांना कळत होते. ग्रंथाचा शेवट त्यांनी आत्मानुभवावर केला. ॲरिस्टॉटलच्या त्या हिशेबात याला खानाच नाही.

दुसरा आक्षेप उसनवारीचा: एवढे साम्य असेल तर कोणीतरी कोणाकडून घेतले असणार. रानड्यांचा कल दोन्हीकडचा विचार स्वतंत्रपणे समांतर वाढला, असे मानण्याकडे होता. औंढ्याहून जवळच असलेली कार्ल्याची लेणी मला या बाबतीत बोलकी वाटतात. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दाने ब्राह्मी लिपीत कोरली आहेत. दाते यवन, पण नावे सिहधय, धम्म अशी. भाषा प्राकृत, दान बौद्ध संघाला. त्या मोजक्या शब्दांच्या लेखांत दाता, त्याचे गाव आणि दिलेला खांब एवढेच येते. ग्रीक विचाराची खूण नाही. शिवाय हे दान हेराक्लायटसनंतर पाचएकशे वर्षांनी झालेले. माणसे इतकी जवळ येऊनही विचारांची देवघेव आपोआप सिद्ध होत नाही, मग निव्वळ साम्यावरून ती कशी सिद्ध होणार?

राहता राहिली तक्रार की ग्रीकांवर त्यांनी मोजकेच लिहिले, आणि तेही इंग्रजीत. ही तक्रार खरी आहे, आणि मला ती मनापासून सलते. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले ते 1957 साली. त्याच वर्षी रानडे निंबाळला निवर्तले. पार्मेनिडीजचे ‘सत्’ आणि छांदोग्यातले ‘सत्’ यांची मराठीत समोरासमोर चर्चा करण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला होता? ते लेखन त्यांच्याकडून झाले नाही, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने साधना जितक्या निष्ठेने सांभाळली तितका हा अभ्यास पुढे नेला नाही.