रेघेचा क्रम

डूडल या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता, असे वर्गात विचारले तर रेघोट्या, फराटे, गिरगटणे अशी उत्तरे येतात. या सर्व शब्दांत थोडी हेटाळणी आहे. मन दुसरीकडे असताना हाताने केलेला चाळा, एवढाच त्यांचा अर्थ. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र हा चाळा उपेक्षून चालत नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२४ च्या सुमारास ‘पूरबी’च्या हस्तलिखितात खोडलेले शब्द रेघांनी एकमेकांना जोडले. त्यांतून चित्रविचित्र प्राणी उमटू लागले, आणि १९३० साली पॅरिसला त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. आम्ही येथे लिहीत आहोत ते कागदावरून कापडावर उतरलेल्या काही रेघोट्यांविषयी.

आम्ही दोघी मराठी शिकवतो. एक शिरूरला, दुसरी दौंडला. दौंडकरणीच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, भीमेकाठच्या एका गावात राहतात. त्यांनी आयुष्यभर गोधड्या शिवल्या. जुन्या सुती साड्यांचे थर अंथरायचे, वर धडप्यांचे तुकडे मांडायचे, आणि कडेने धावदोरा घालत चौकोनातून आत चौकोन करीत मध्यावर यायचे. हात थरथरू लागल्यापासून त्यांना सुई धरवत नाही. बॉलपेन मात्र मुठीत धरता येते. नातवाच्या वह्यांच्या उरलेल्या पानांवर त्या दुपारभर रेघा काढतात: वेल, कोयऱ्या, चक्रे, कशाचेच चित्र नसलेली वळणे. त्या वळणांची एक गोधडी करावी असे आम्हांला वाटले. त्यांच्या हातची आणखी एक गोधडी घरात असावी, आणि ती बहुधा शेवटची असेल, हे कारण आम्ही त्यांना सांगितले नाही.

शिरूरच्या बाजारपेठेत संगणकावर भरतकाम करून देणारे एक दुकान आहे. ब्लाऊजचे गळे आणि शाळांच्या गणवेशांवरची बोधचिन्हे हे त्यांचे रोजचे काम. यंत्राच्या रिंगेत एका वेळी वीत-सव्वा वीत कापड बसते. म्हणून सोळा चौकोन निरनिराळे शिवून मग जोडायचे ठरले. कागदावरील आकृती यंत्राला समजेल अशी करण्याच्या कामाला या धंद्यात पंचिंग म्हणतात. त्या फाइलीत खरे तर रेघ नसतेच. सुई कोठे टोचायची त्या बिंदूंची एक रांग असते. पहिला बिंदू, दुसरा, तिसरा, आणि कोठे दोरा तोडायचा याची आज्ञा.

येथेच पहिली अडचण आली. पेन हवे तेव्हा उचलता येते. दोरा उचलायचा तर तोडावा लागतो, आणि प्रत्येक तोडलेल्या जागी गाठ येते. गोधडी तर दोन्ही बाजूंनी अंगाला लागणारी वस्तू. शिवाय आकृती स्कॅन केली की संगणकाला रेघ दिसत नाही, रेघेच्या दोन कडा दिसतात. त्यामुळे एका रेघेऐवजी दोन समांतर शिवणी तयार होतात. म्हणजे प्रत्येक रेघ माणसाने बसून पुन्हा काढायला हवी, तीही शक्यतो न थांबता, एका दमात.

लहानपणी पाटीवर हात न उचलता घर काढण्याचा खेळ आपण सर्वांनीच खेळलेला असतो. आत फुलीसारखे दोन कर्ण असलेले ते घर खालच्या कोपऱ्यातून सुरू केले तरच पुरे होते. त्याचे कारण ऑयलर या गणितज्ञाने १७३६ साली क्योनिग्सबर्गच्या सात पुलांवरील निबंधात दिले आहे: ज्या बिंदूंशी विषम संख्येने रेघा मिळतात असे बिंदू दोनाहून अधिक असतील, तर कोणतीही रेघ न गिरवता आकृती पुरी होत नाही. आत्याबाईंच्या वेलींना पानोपानी असे बिंदू होते. दुकानदार म्हणाला, “मॅडम, मधे मधे माझ्या जोडरेघा टाकतो. कुणाला कळणार पण नाही.”

आम्हांला ते रुचले नाही, आणि त्याचे कारण आमच्या विषयात होते. संत एकनाथांनी १५८४ साली, शके १५०६ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. काळाच्या ओघात शिरलेले अपपाठ त्यांनी काढले, आणि पुढे कोणी यात स्वतःची ओवी घालू नये असे शेवटी बजावून ठेवले. कळणार नाही अशी जोडरेघ म्हणजे प्रक्षेपच. संपादकाने तुटलेला दुवा दाखवावा; तो आपल्या पदरचे घालून बुजवू नये.

अखेर ती पाने घेऊन आम्ही आत्याबाईंकडेच गेलो आणि म्हटले, ही वेल तुम्ही कोठून कशी काढलीत ते बोटाने दाखवा. त्यांनी पानाच्या कडेवर बोट ठेवले आणि निघाल्या. पानाच्या देठाशी आल्या, पान फिरून देठावरून परत वेलीवर आल्या, पुढच्या पानाकडे गेल्या, आणि बोट उचलले ते थेट मध्यावर. “कडंनं धरायचं आन् मधी संपवायचं,” त्या म्हणाल्या. “दोरा तोडायचा न्हाई. आल्या वाटंनं माघारी फिरायचं.” त्या पेनने शिवतच होत्या. कागदावर रेघ दिसते, रेघेचा क्रम दिसत नाही. तो हातात असतो. दुहेरी शिवणीने देठ किंचित जाड झाले, पण परकी रेघ एकही घालावी लागली नाही.

दुसरा प्रश्न थरथरीचा होता. वहीतली बोटभर आकृती वीतभर केली की तिच्यातला कंपही तितक्याच पटीने मोठा होतो. दुकानदाराला रेघ गुळगुळीत करायची होती; “गिऱ्हाईक म्हणेल, मशीन बिघडलंय,” असे त्याचे म्हणणे. आमच्यांत दोन मते होती. एकीला वाटे, तो कंप हीच त्या हाताची सही. दुसरीला वाटे, एवढा वाढवलेला कंप मुळात तरी कोठे होता? आत्याबाईंनी निकाल दिला. “ती थरथर माझी न्हाई, दुखण्याची हाय. दुखणं कशाला शिवताय गं?”

दौंडकडून शिरूरला जाताना केडगाव-चौफुल्यावरून न्हावऱ्याकडे वळतो. याच केडगावी पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. हिब्रू व ग्रीक मुळांवरून बाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद तेथल्याच छापखान्यात, तेथल्याच स्त्रियांच्या श्रमांतून छापला गेला. १९२२ साली बाई गेल्या. खिळे जुळवताना त्यांचे हस्ताक्षर लोपले असणारच. वाक्यांचा क्रम, शब्दांची निवड, म्हणजे बाईंची भाषा, तेवढी राहिली. हातातून यंत्रात जाताना काहीतरी सुटते, हे खरे. काय सुटावे हे ठरवण्याचा पहिला हक्क ज्याचा हात आहे त्याचा, हे आम्ही वर्गात इतक्या स्पष्टपणे कधी मांडले नव्हते. मूळ पाने मात्र कंपासहित जपून ठेवली आहेत. पाठभेद फेकून द्यायचे नसतात.

सोळांपैकी नऊ चौकोन शिवून झाले. ते आत्याबाईंपुढे ठेवले तेव्हा त्यांनी नक्षीकडे पाहिलेच नाही. एकेक चौकोन उलटा केला, खालच्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला, आणि गाठ कोठे लागते का ते पाहत राहिल्या. सातव्याला थांबल्या. तेथे दुकानदाराचा दोरा मध्येच संपला होता. “हा उसवा,” त्या म्हणाल्या, आणि आठवा हातात घेतला.