अठरा पूर्ण झाल्यावर

रविवार, घाटकोपर
बालगृहात वाढलेल्या एका मुलीसोबत आज असल्फ्याला खोली बघितली. डिपॉझिटची जुळवाजुळव झाली होती. ‘आईवडील कुठे असतात?’ तिचं उत्तर ऐकून एजंटने चावी परत खिशात घातली.

२०१५च्या बाल न्याय कायद्यात अठरा ते एकवीस वयासाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे. महाराष्ट्रात २०१८पासून अनाथांना शिक्षणात, सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षणही आहे. पण भाडेकरार करताना या मुलांसाठी शब्द टाकणारं कोण? पोटच्या मुलांना आपण पंचविशीपर्यंत सांभाळतो आणि यांना अठराव्या वर्षीच जग दाखवतो. संस्थांनी डिपॉझिटची हमी घ्यावी, घरमालकांनी अकरा महिने विश्वास टाकावा. हक्काचा पत्ता मिळाला, की पुढची वाट ही मुलं स्वतः काढतात.