पुण्याचा पंखा ठाण्यात चालेना

पुण्यात होतो तोवर माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला चिलरची गरज पडली नाही. दोनशे लिटरची टाकी आणि पाण्याकडे तोंड केलेले दोन छोटे पंखे, एवढ्यावर भर उन्हाळ्यातही पाणी २७ अंशांच्या आसपास राहायचं. माठातलं पाणी गार होतं तसंच हे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते; दोनशे लिटर पाणी जवळपास तीन अंशांनी उतरावं इतकी. मीठ मात्र टाकीतच राहतं, म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या गोड्या पाण्यानं करायची.

बदली झाली आणि टाकीसकट ठाण्याला आलो. पंखे तेच, पण मे महिन्यातली खाडीकाठची हवा आधीच ओलीचिंब. तिच्यात आणखी वाफ शिरणार कशी? पंखे रात्रंदिवस फिरत होते आणि पाणी ३० अंशांवरून हलायला तयार नव्हतं. चिलर सांगून ठेवला. तो यायच्या आतच एका रात्री वीज गेली.

टाकीत क्लाउनफिशची जोडी होती, थोडे क्रोमिस होते, आणि मशरूम, झोआन्थिड, लेदर असे मऊ प्रवाळ. (दगडी सांगाडा बांधणारे प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी विकायला आणले तरी घेऊ नयेत.) पंप थांबला तसे क्रोमिस वर येऊन पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करू लागले, कल्ले भराभर हलू लागले. २५ अंशांना समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३१ अंशांना सहाच्या किंचित वर. हा फरक एरवी सोसला असता. पण माशाचं रक्त पाण्याइतकंच गरम; पाणी तापलं की त्याच्या शरीराचा सगळा कारभार वेगानं चालतो आणि प्राणवायूची मागणी वाढते. मागणी वाढायला आणि पाणी ढवळणारा पंप बंद पडायला एकच गाठ पडली. बॅटरीवरचा हवेचा पंप सोडला, बर्फ झालेल्या बंद बाटल्या एकेक करून पाण्यात तरंगत ठेवल्या. एकदम सगळ्या नाही, कारण अचानक उतरलेलं तापमानही माशाला झेपत नाही. तरी पहाटेपर्यंत दोन क्रोमिस गेले. क्लाउनफिश तगले.

प्रवाळांचं दुखणं उशिरा दिसलं. लेदर आक्रसून बसला, आणि पुढच्या काही दिवसांत मशरूमचा तपकिरी रंग फिकट होत गेला. तो रंग त्यांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. हे शैवाल प्रकाशात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. उष्णता वाढली की त्याची ही यंत्रणा बिघडते, घातक प्राणवायू-संयुगं साठू लागतात आणि प्रवाळ त्याला बाहेर काढतो. हे नुकसान उष्णता आणि प्रकाश मिळून करतात, म्हणून मी टाकीवरचे दिवे बरेच मंद केले. चिलर बसला, पाणी २६ अंशांवर स्थिरावलं आणि काही आठवड्यांनी मशरूमना रंग परत येऊ लागला.

लक्षद्वीपच्या प्रवाळांना दिवे मंद करणारं कुणी नाही. तिथे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले. वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा समुद्र एखादा अंशच जास्त तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, तरी एवढं होतं. एक अंश म्हणजे काय, हे मला टाकीनं दाखवलं.

किनाऱ्यालगतच्या शहरात रीफ टाकी करायची असेल तर आधी चिलर आणि पंपापुरता तरी इन्व्हर्टर घ्या. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीतच टाकतो, तेव्हा तो हवेशीर जागी बसवा. दोन्हींचा खर्च झेपणार नसेल तर मासे आणू नका.