शिडी आणि पालखी

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला वर जाण्याचा एकच मार्ग पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा होता, आणि तो दरबारातून जात असे. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर, फडाबरोबर किंवा देवघराबरोबर इकडे आले. लष्कर वसले तसे आपणही वसलो. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा कित्येक घरांना आपण कशावर उभे होतो, याची प्रथमच जाणीव झाली. माझे आजोबा म्हणत, "पालखीत बसलेल्याला वाट दिसते, चढ कळत नाही." या वाक्याचा पुरता अर्थ मला उमगला तो फार उशिरा, आणि तोही एका फुटबॉल संघामुळे.

आमचे कुलदैवत गोव्याचे मंगेशी. दर तीनचार वर्षांनी तिकडे जाणे होते आणि मुक्काम फोंड्याला आतेभावाकडे असतो. ते घर फुटबॉलवेडे. आपल्याकडे खेळ म्हणजे हॉकी. ऑलिंपिकच्या एका सामन्यात दहा गोल करणारे कॅप्टन रूपसिंह आपल्याच गावचे आणि शिंदे सुवर्णचषक म्हणजे गावाचा उत्सव. फुटबॉल मी कधी मन लावून पाहिला नव्हता. आतेभावाच्या घरी मात्र सकाळी 'नवप्रभा' आला की पहिले पान नंतर, खेळाचे पान आधी, आणि त्या पानावर सर्वांचे डोळे शोधत ते एकच नाव : डेंपो.

डेंपो हे गोव्यातील जुने सारस्वत घराणे. खाण, जहाज आणि वृत्तपत्र असा त्यांचा व्यवसाय, 'नवप्रभा' त्यांचाच. गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ च्या सुमारास, शिवोली गावी, विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या एका पाद्र्याबरोबर. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि नंतरच्या काळात खाणमालकांनी आपापले संघ बांधले. साळगावकरांचा एक, सेझाचा एक, आणि १९६८ पासून डेंपो या नावाने हा एक. लोहखनिजाच्या पैशातून बूट आले, मैदाने आली, खेळाडूंना नोकऱ्या मिळाल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा भारतीय फुटबॉल म्हणजे कलकत्ता, हे समीकरण हलू लागले.

१९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. चषकाच्या स्पर्धेत चार दिवस चांगले गेले की नाव होते; लीगमध्ये महिनोन्‌महिने गावोगावी हिंडून गुण जमवावे लागतात आणि तळाला राहिलेल्यास खालच्या श्रेणीत उतरावे लागते. या कसोटीला डेंपो उतरला तो अर्मांदो कुलासो या प्रशिक्षकाच्या हाताखाली. २००३-०४ मध्ये दुसरा क्रमांक मिळाला. पुढच्या मोसमात, ५ डिसेंबर २००४ रोजी, बंगळूरला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना मोहन बागानशी झाला. ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरने दोन गोल केले. दुसऱ्या गोलाच्या वेळी गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला आणि त्याचा प्राण गेला. संघाने चषक जिंकला, पण तो उंचावण्याचे बळ कोणात होते? डेंपोने त्याचा दहा क्रमांकाचा सदरा कायमचा बाजूला ठेवला. त्याच मोसमात हा संघ प्रथमच राष्ट्रीय विजेता झाला.

मग विजयाची रांगच लागली. २००६-०७ मध्ये पुन्हा अजिंक्यपद, २००७-०८ मध्ये नव्या आय-लीगचे पहिले अजिंक्यपद, नंतर २००९-१० आणि २०११-१२. एकूण पाच. २००८ साली आशियाई महासंघाच्या चषकात उपान्त्य फेरी. चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर यांची विजेतेपदे मिळवली तर २००६-०७ पासून सलग सात वर्षे राष्ट्रीय किताब गोव्याबाहेर गेला नाही. महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्ह्याएवढे राज्य, आणि सारा देश त्याच्या मागे! फातोर्ड्याच्या मैदानावर मी त्या काळात एक सामना पाहिला. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स पुढे धावत होता आणि मागे महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स अशी गावची मुले होती. आतेभाऊ प्रत्येकाचे गाव आणि वाडा सांगत होता.

यानंतरची हकिगत मला विजयांहून मोलाची वाटते. २००९ साली डेंपोंनी खाणव्यवसाय सेझा गोवाला विकला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग निघाली. ही लीग बंद दाराची : पैसे भरून आत यायचे, हरले तरी खाली जाणे नाही, आणि खालच्याने कितीही जिंकले तरी वर येणे नाही. तिच्यातील एफसी गोवा संघाच्या मूळ भागीदारांत श्रीनिवास डेंपोही होते. म्हणजे घराण्याला पालखीत जागा मिळालेली होती. इकडे जुना संघ २०१४-१५ च्या मोसमात आय-लीगमधून खाली घसरला. पाच वेळचा विजेता दुसऱ्या श्रेणीत! पण तो तिथे खेळला, २०१५-१६ मध्ये ती श्रेणी जिंकला आणि वर येण्याचा हक्क त्याने कमावला. तेवढ्यात महासंघाची नवी योजना आली : आय-लीग दुय्यम ठरणार आणि तिथून वर जाण्यास वाट नसणार. २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग क्लब दी गोवा आणि डेंपो हे तिन्ही संघ बाहेर पडले.

आतेभावाच्या घरी त्यानंतर मी गेलो तेव्हा खेळाच्या पानावरची गर्दी ओसरली होती. "शिडीची वरची पायरीच काढून घेतली, तर चढणाऱ्याने चढायचे कशाला?" असे तो म्हणाला. मला वाटले, संपले. पण संघ मोडला नव्हता. गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये तो खेळत राहिला, मुलांना घडवत राहिला. २०२३ साली पंजाब एफसी हा संघ आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये गेला. बंद दार प्रथमच उघडले. २०२३-२४ मध्ये डेंपो तिसऱ्या श्रेणीत उतरला, दुसरा आला आणि २०२४-२५ साठी आय-लीगमध्ये परतला. प्रशिक्षक होता समीर नाईक, फातोर्ड्याला मी ज्याला खेळताना पाहिले होते तोच.

येथे शेजारच्या इंदूरची आठवण येते. यशवंतराव होळकरांच्या आश्रयाने आणि सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली होळकर संघ १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत गेला आणि चार वेळा विजेता ठरला. त्याच्याएवढे वैभव मध्य भारताने पुन्हा पाहिले नाही. पण संस्थान गेले, आश्रय आटला आणि १९५५ नंतर ते नाव करंडकाच्या यादीतून नाहीसे झाले. मध्य प्रदेशाला रणजी करंडक मिळायला २०२२ साल उजाडावे लागले. खेळाडू थोर होते. नावाला मात्र आश्रयाखेरीज पाय नव्हते.

डेंपोलाही आश्रय होता, हे विसरून चालणार नाही. खाणीच्या पैशावाचून तो संघ उभाच राहिला नसता. तरीही तो टिकला याचे कारण वाडीवस्तीतील मुलांत आणि स्थानिक लीगच्या धुळीत आहे. मोठेपण ओसरल्यावर तिसऱ्या श्रेणीत खेळण्याची लाज त्याला वाटली नाही. मला वाटते, संस्थेची खरी परीक्षा हीच.

आपली मंडळे, वाचनालये, गणेशोत्सव हे सारे दरबारच्या छायेत वाढले. ती छाया विरळ होऊन पाऊणशे वर्षे उलटली. घरातली नातवंडे हिंदीत हसतात, इंग्रजीत लिहितात. अशा वेळी जुन्या मानाच्या तसबिरी पुसत बसण्यापेक्षा चार मुलांना बाराखडी शिकवणारा वर्ग चालवणे, हे आपल्या वाट्याचे तिसऱ्या श्रेणीतले खेळणे आहे. प्रेक्षक थोडे असतील, चषकही नसेल. पण चढ सुरू होतो तो तिथूनच.